बंत की बंद

यमुनेचं पत्र आलं तेव्हा उमाजीच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून त्यानं ते डाव्या हातानं आणि दातांनी उघडलं. निळं आंतरदेशीय पत्र. अक्षरं कानडी, भाषा मराठी. नंदिगड्ड्याच्या शाळेत जी अक्षरं मिळाली त्यांतच त्या बाईनं आपली बोली लिहिली होती. उमाजी मूळ खानापूरकडचा, मराठी शाळेत शिकलेला. पण रामनगरात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान थाटून वीस वर्षं झाली होती आणि दोन्ही लिप्या त्याला सारख्याच वाचता येत. वाचता आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

'उमाजीदादांस लखूची बायको यमुना हिचा नमस्कार. आपटलेली गाडी तुम्ही बघितली असं कळलं. माझ्या माणसानं ब्रेक दाबला होता की नाही, एवढंच लिहून कळवा. लोक म्हणतात दाबला नाही. तुम्ही लिहाल ते मी खरं मानीन.'

हे १९९१ च्या मार्चमधलं. १९९५ उजाडलं तरी त्याचं उत्तर गेलं नव्हतं.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. साऱ्या जोयडा तालुक्यात ते दोघांनाच माहीत होतं. एक उमाजी, दुसरा वासूशेट. वासूशेट कधी बोलणार नव्हता. आणि उमाजी बोलला असता तर लखूच्या माथ्यावरचा खून उतरून त्याच्या स्वतःच्या माथ्यावर बसला असता. त्यानं कितीदा कागद पुढं ओढला, 'यमुनाबाईंस' एवढं लिहिलं आणि कागद चुलीत घातला, ते त्याच्या बायकोला, देवकीलाच ठाऊक. ती विचारायची नाही. राख तेवढी काढायची.

वासूशेटची रामनगरात लाकडाची वखार. चार ट्रक होते, पण ट्रकात बसून रुबाब दाखवता येत नाही. आखातातून गोव्याला परतलेल्या कुणाची तरी अमेरिकी बनावटीची गाडी त्यानं अर्ध्यामुर्ध्या कागदपत्रांवर उचलून आणली. होडीसारखी लांब, आठ सिलिंडरची, गियर आपोआप बदलणारी. स्टिअरिंगपाशी एक कळ होती. गाडी एका वेगाला आणून ती दाबली की पाय काढून घ्यायचा. गाडी तोच वेग धरून आपली आपण पळायची. गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात याला क्रूझ कंट्रोल म्हटलं होतं. वासूशेटचा ड्रायव्हर लखू त्याला 'पायसोड' म्हणे आणि मग सगळं रामनगर पायसोडच म्हणू लागलं. जोयड्याच्या वळणांवर तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण सुपा धरणाच्या कामासाठी रुंद केलेला एक सरळ पट्टा गणेशगुडीकडे होता. पाहुणे आले की वासूशेट त्यांना तिथं नेई आणि लखूला दोन्ही पाय सीटवर घ्यायला लावी. पाहुण्यांच्या तोंडचं पाणी पळालं की हा मागे बसून मांडीवर थापा मारी.

लखू नंदिगड्ड्याचा. तिशीतला, तोंडाळ, हसरा. त्याचा डावा कान अर्धाच होता. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा गावातल्याच म्हादू वेळीपनं कोयता चालवला होता. मान चुकली आणि कान गेला. रक्तानं भिजलेला पंचा कानाशी धरून लखू तेव्हा चार माणसांत बोलून गेला होता, "म्हाद्या, एक दिस तुला चाकाखाली घालीन बघ." रागाच्या भरातलं बोलणं. पण गाव जमिनीची हद्द विसरेल, असलं बोलणं विसरत नाही.

तर फेब्रुवारीत लखू ती गाडी घेऊन उमाजीकडे आला. पायसोड धरत नाही आणि धरली तर खड्ड्यात सुटते, अशी तक्रार. रामनगरात एवढं नाजूक काम करणारा उमाजी एकटाच. मोठ्यानं बोलायची ज्याला लाज वाटे असा माणूस, पण तारांशी त्याचं जमे. त्यानं आधी इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं. मग कळ तपासली, ती चांगली. गियरबॉक्सकडून वेगाची बातमी आणणारी तार तपासली, तीही चांगली. कार्बुरेटरला साखळीनं जोडलेली, रेस ओढून धरणारी डबी हवा काढून पाहिली, तिच्यातही खोट नव्हती. दोन दिवस असे गेले. लखू जवळ उभा राहून टेस्ट लॅम्प धरी आणि टोमणे मारी. म्हणे, "अण्णा, डाकतरबी एवढा येळ नाडी धरत न्हाई. आता पेशंटच उठून जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोष हाती लागला. पायसोडचा जो मुख्य डबा होता, त्याला ब्रेकची बातमी देणारी तार एकच, आणि तीच तार पुढं मागच्या लाल दिव्यांना गेलेली. ब्रेकवर पाय पडला की तारेत करंट येई, मागं लाल दिवा लागे आणि डबा समजे, आता सोडायचं. ब्रेकवर पाय नसेल तेव्हा मात्र ती तार दिव्यांमधून गाडीच्या पत्र्याला मिळालेली हवी. नाहीतर डबा धरतच नाही. गोव्याच्या खाऱ्या हवेनं मागच्या दिव्यांचा पत्र्याशी जोडणारा स्क्रू गंजून गेला होता. उमाजीनं ब्रेकचा फ्यूज काढून ठेवला, गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, स्क्रू नवा बसवला आणि फ्यूज परत लावला. फ्यूज धरणारी पितळी चिमटी जुनी, ढिली झालेली. ती त्यानं दाबून पाहिली नाही.

पेडलपाशी आणखी एक सोय असते. तार मेली तरी ब्रेक दाबताच हवा सोडून देणारी एक रबरी नळी. ती गोव्यातच कुणीतरी खिळा खोचून बुजवली होती. उमाजीनं ते वासूशेटला जाऊन सांगितलंही होतं. वासूशेट म्हणाला, पुढच्या खेपेला बघू.

राहिली शेवटची तपासणी. उमाजी आत बसला, लखू गाडीच्या मागं उभा राहिला. लखूनं आधी दांडेलीत कानडी ठेकेदाराकडे ट्रक चालवलेला, त्यामुळे कामाच्या वेळी त्याच्या तोंडी कानडी येई. करंट आला की 'बंत', म्हणजे आला. नसला की 'इल्ला'. दोन दिवस त्यांचं असंच चाललं होतं. शेजारी वखारीत करवत सुरू होती, सागाचा ओंडका चिरत होती. उमाजीनं ब्रेक दाबला आणि ओरडून विचारलं, दिवा? मागून उत्तर आलं. उमाजीला ऐकू आलं, बंत.

तो समाधानानं वाकून डॅशबोर्डखालच्या तारांना टेप गुंडाळू लागला. लखूनं पुढं येऊन त्याला वाकलेला पाहिला आणि तो काही बोलला नाही.

पुस्तकात शेवटी लिहिलं होतं की चालत्या गाडीत ब्रेक दाबून डबा सुटतो हे पाहिल्याशिवाय गाडी देऊ नये. उमाजीनं ते वाक्य दोनदा वाचलं होतं. पण दिवा आला म्हणजे तार जिवंत, तार जिवंत म्हणजे डबा सुटणारच, असं त्यानं मनाशी धरलं. दोघं लोंढ्याच्या रस्त्यानं चक्कर मारून आले. पायसोडनं कळ दाबताच धरलं, आणि लखूच्या सवयीप्रमाणे कळीनंच सोडलं. ब्रेकचं काम पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास लखू गणेशगुडीच्या सरळ पट्ट्यावर होता. मागं एकटा वासूशेट. कळ दाबलेली, पाय मोकळे. पुढं रस्त्याच्या कडेनं दोघे भाऊ चालले होते. मागं धाकटा झिलू, हातात कोयता. शंभर पावलं पुढं म्हादू, डोक्यावर गोठ्यात पसरायच्या ओल्या पानांचा भारा. तो भारा कानांवर आणि डोळ्यांवर आलेला. गाडी झिलूला मागं टाकून पुढं गेली आणि त्याच वेळी म्हादू पलीकडची पायवाट धरायला रस्त्यात उतरला.

लखूनं ब्रेकवर पाय मारला. लाल दिवा लागला नाही, कारण फ्यूज चिमटीतून निसटला होता. डब्याला बातमी मिळाली नाही. ब्रेकनं गाडी जरा मंदावली की डबा समजे, चढ लागला, आणि आणखी रेस देई. लखू जेवढा जोर करी तेवढी गाडी त्याच्या पायाखाली गुरगुरत पुढं रेटे. अशा वेळी कळ आठवायला माणसाला दोन क्षण लागतात. ते नव्हते.

म्हादू बॉनेटवर आदळला, तिथून काचेवर आणि काचेवरून कडेच्या मैलाच्या दगडावर. दगडावर त्याची कवटी नारळासारखी फुटली. भाऱ्यातली पानं तेवढी हवेत राहिली आणि सावकाश खाली आली. गाडी पुढं जाऊन ऐनाच्या झाडाला धडकली आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली, ती इंजिन बंद पडेपर्यंत.

लखू दार ढकलून बाहेर आला. कपाळ फुटलं होतं. पळून जाता आलं असतं, एका बाजूला जंगलच होतं. तो उलटा म्हादूकडे धावला. समोरून झिलू येत होता, आणि झिलूच्या मागून रस्त्याच्या कामावरचे सहा-सात गडी, फावडी आणि खडी ठोकून बसवायची जड धुमस घेऊन. झिलू ओरडत होता की म्या मागनं बघितलं, लाल दिवा पेटलाच न्हाई, ह्येनं ब्रेक मारलाच न्हाई. रस्त्याच्या कामावरच्या माणसांना एवढं कळतं. ब्रेक मारला की मागचा दिवा पेटतो, हे त्यांनी रोज शंभर गाड्यांना पाहिलेलं. आणि लखूनं काय बोलून ठेवलं होतं तेही त्यांतल्या दोघांना ठाऊक होतं.

पहिला घाव कोयत्याच्या पाठीचा, नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज आला. लखू बसला आणि हात वर करून एकच सांगत राहिला.

"पाय ब्रेकवरच हुता. देवाशपथ, पाय ब्रेकवरच हुता रं."

"कंचा पाय?" झिलूनं विचारलं. "ह्यो?"

दोघांनी तो पाय धरला आणि तिसऱ्यानं त्यावर धुमस घातली. मग दुसऱ्या पायावर. मग फावडी चालली. दात रस्त्यावर पडले, एक डोळा फुटला, तरी लखू तेच म्हणत होता. तोंडात रक्त भरल्यावर शब्द कळेनासे झाले एवढंच. वासूशेट बांधावर बसून केसांतल्या काचा वेचत होता. लखू सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला होता, हे त्यानं मागून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो तिथून वीस पावलांवर होता आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

लखू दवाखान्यात तीन दिवस जगला. पंचनामा झाला, जबान्या झाल्या. लखूला कुणी मारलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. वासूशेट म्हणाला, मी मागं झोपलो होतो.

गाडी ओढून वखारीत आणली होती. दुसऱ्या दिवशी मोटार इन्स्पेक्टर येणार म्हणून वासूशेटनं उमाजीला बोलावलं. डबा काढून टाक म्हणाला. उमाजी गेला. ब्रेकचं पेडल एका बाजूला वाकलेलं होतं, रबर फाटलेलं. चाकापाशी नाक नेलं तर ब्रेक लायनिंग जळल्याचा वास अजून येत होता. त्यानं टेस्ट लॅम्प लावला. तार मेलेली. मग त्यानं डाव्या हातानं पेडल खाली रेटलं आणि उजव्या अंगठ्यानं फ्यूज चिमटीत दाबला. गाडीच्या मागं रचलेल्या फळ्यांवर लाल उजेड पडला. अंगठा काढला, उजेड गेला.

तेव्हा त्याला दोन दिवसांपूर्वीचा आवाज पुन्हा ऐकू आला, करवतीच्या घरघरीतून आलेला. दिवसभर कानडीत 'इल्ला' म्हणणारा लखू शेवटच्या वेळी मराठीत बोलला होता. तो म्हणाला होता, बंद. आणि मग पुढं येऊन उमाजीला तारांत वाकलेला पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, अण्णा दुरुस्त करतोय.

उमाजी खोटं बोलायला शिकलेला नव्हता. वासूशेटनं विचारलं, हा उजेड कसला, तर त्यानं सगळं सांगितलं. दिवा का लागला नाही, डबा का सुटला नाही, लखूनं ब्रेक दाबला होता, चूक माझी आहे, मी इन्स्पेक्टरला सांगतो. बोलताना त्याचा उजवा हात गाडीच्या दाराच्या चौकटीवर होता.

वासूशेटनं शांतपणे दार लावलं. जड अमेरिकी दार. मग त्याला पाठ लावून उभा राहिला आणि तपकीर काढली. उमाजीची किंकाळी करवतीत बुडाली. दार उघडलं तेव्हा दोन बोटं चपटी होऊन कातडीवर लोंबत होती.

"दोन्ही पायांनी ब्रेकवर हुबा हुता, मी मागनं बघितलंय. तरी लखूनंच मारला," वासूशेट म्हणाला. "गावानं ठरीवलंय. तू नुसतं तोंड उघड, झिलूला सांगतो तुज्या भावाला लखूनं न्हाई, ह्या वायरवाल्यानं मारलं. आनि नळीचं तू मला कवा सांगितलंस? मला तर आठवत न्हाई."

डाव्या हातानं, रक्त गळत असताना, उमाजीनं डबा काढून दिला. वखारीतल्या माणसांनी तो हातोड्यानं फोडला आणि सुपाच्या पाण्यात टाकून दिला. महिन्याभरानं यमुनेचं पत्र आलं.

पुढची चार वर्षं नंदिगड्ड्याच्या बातम्या बाजारातून येत. यमुनेला पाणवठ्यावर 'खुन्याची बायको' म्हणून मागं ढकलतात. तिची गवताची गंज जाळली. एकदा दगड लागून तिचं डोकं फुटलं. सगळ्यांत वाईट म्हणजे लखूचा भाऊ कृष्णा. भाऊ निर्दोष होता असं तो कधी म्हणालाच नाही. उलट छाती पुढं काढून म्हणे, माझ्या भावानं एकाला चाकाखाली घातला, आता दुसऱ्याला मी घालतो. लखूनं खून केला नव्हता, आणि त्याचा सख्खा भाऊ त्या खुनावर मिशीला पीळ देत होता. हे ऐकून उमाजी जेवणावरून उठला होता. त्या वेळीही त्यानं कागद घेतला आणि जाळला.

मग १९९५ चा तो बाजाराचा दिवस. झिलू सुपं आणि टोपल्या विकायला रामनगरला आला होता. कृष्णा मागून आला. त्याच्या हातात कोयता होता. पहिला वार झिलूनं उजव्या हातावर झेलला आणि कोपराखाली हात तुटून एका कातड्याला लोंबू लागला. दुसरा खांद्यात बसला. टोपल्या उधळल्या, बाया किंचाळत पळाल्या, कुणीतरी कृष्णाच्या पाठीत वजनाचं माप घातलं आणि मग त्याच्यावर दहा माणसं पडली. त्यांनी त्याला तुडवायला घेतलं. झिलू वाट दिसेल तिकडे धावला आणि उमाजीच्या दुकानात येऊन जमिनीवर कोसळला. रक्ताची पिचकारी बॅटऱ्यांवर उडत होती.

उमाजीनं शटर ओढलं. हाताला सापडली ती जाड केबल घेतली, झिलूच्या दंडाला गुंडाळली आणि स्क्रू ड्रायव्हर घालून पिळली. रक्त कमी झालं. बाहेर कृष्णाला मारल्याचे आवाज येत होते, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसे.

झिलूचे डोळे फिरत होते. तो पुटपुटत होता, की म्या खोटं न्हाई बोललो, म्या मागनं बघितलं, दिवा पेटला न्हाई.

उमाजी पीळ देत होता. त्याच्या तोंडून शब्द कसे बाहेर पडले ते त्यालाही नंतर सांगता आलं नसतं. चार वर्षं कागदावर न उतरलेलं.

"खरं हाय. दिवा पेटला न्हाई. तार मेल्याली हुती."

झिलूनं त्याच्याकडे पाहिलं.

"ब्रेक लखूनं मारल्याला. दोन्ही पायांनी. दिवा न्हाई लागला, गाडी न्हाई सुटली. दोन्ही एकाच तारंवर. ती तार म्या नीट केली न्हवती."

"मारल्याला?"

"मारल्याला."

झिलूचा डावा हात जमिनीवर चाचपत होता. तिथं पाना पडलेला होता. त्यानं तो उचलला आणि उमाजीच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पुढचे दोन दात आत वळले. दुसरा तडाखा डोळ्याच्या कडेला लागला. उमाजीनं चेहरा वळवला नाही, कारण दोन्ही हातांनी केबल धरली होती. सोडली असती तर झिलू तिथंच मेला असता. तिसऱ्या वेळी पाना उचलण्याइतकं बळ झिलूत राहिलं नव्हतं. तो भिंतीला टेकला.

"त्यो सांगत हुता," झिलू म्हणाला. "पाय ब्रेकवर हुता म्हनून सांगत हुता. म्या तोच पाय..." आणि मग दंड पुढं करत, "ओढ. घट्ट ओढ."

बाहेरून शटर वाजवलं गेलं. झिलूची माणसं जीप घेऊन आली होती. त्यांनी त्याला उचललं. एकजण म्हणत होता, याला दवाखान्यात टाकून तसंच नंदिगड्ड्याला जाऊ आणि त्या यमुनेचं घर तिच्यासकट पेटवू. झिलूनं डाव्या हातानं त्याचा सदरा धरला.

"कोन जायाचं न्हाई," तो म्हणाला. "कोन गेला तर मी जगलो तरी त्येचा वैरी, मेलो तरी त्येचा वैरी." मग मान वळवून उमाजीला म्हणाला, "तिला कळीव. मला तोंड न्हाई. आनि माजं नाव घाल त्यात. धुमस घातली त्ये समदं घाल."

जीप गेली. रस्त्यावर कृष्णाला पोलिसांनी बैलगाडीला टेकवून बसवलं होतं. त्याचा जबडा निखळला होता, तरी तो हसण्याचा प्रयत्न करत होता. भावाचं काम पुरं केल्यासारखा. उमाजीला ते पाहवलं नाही.

घरी देवकीनं त्याचं तोंड पाहिलं, पाणी गरम केलं, एक दात तिनंच ओढून काढला. मग कागद आणि पेन आणून त्याच्यापुढं ठेवलं आणि चुलीपुढं पाट मांडून, चुलीकडे पाठ करून बसली. उमाजीनं कानडी अक्षरांत लिहिलं, म्हणजे यमुनेला कुणाकडे वाचायला न्यायला नको.

'यमुनाबाईंस उमाजीचा नमस्कार. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर चार वर्षं उशिरा लिहितो. तुमच्या माणसानं ब्रेक दाबला होता. पेडल वाकेपर्यंत दाबला होता. गाडी थांबली नाही आणि लाल दिवा लागला नाही, कारण तार मेलेली होती. ती दुरुस्त करायचं काम माझं होतं. लखूनं मला दिवा बंद आहे असं सांगितलं होतं. मी बंत ऐकलं. पुन्हा उठून बघायला हवं होतं, बघितलं नाही. लखूनं कुणाला मारलं नाही. माझ्या चुकीनं म्हादू गेला आणि लखूही गेला. वासूशेट मागं बसला होता, त्यानं लखूला ब्रेकवर उभं राहिलेलं पाहिलं. पेडलची नळी बुजवलेली आहे हे त्याला माहीत होतं. डबा त्यानं फोडून सुपाच्या पाण्यात टाकला. लखूला झिलूनं आणि रस्त्याच्या गड्यांनी मारलं. त्याचे पाय धुमसेनं फोडले. हे झिलूनं स्वतः लिहायला सांगितलं आहे. कृष्णाला जेलमध्ये हे वाचून दाखवा. त्याचा भाऊ खुनी नव्हता, हे त्याला कळलं पाहिजे. हे पत्र पंचायतीत दाखवा, पोलिसांत दाखवा, कोर्टात दाखवा. मी नाही म्हणणार नाही. मी लपून राहणार नाही. रोज सकाळी आठपासून दुकानात असतो. ज्याला यायचं असेल त्यानं यावं.'

खाली त्यानं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

सकाळी तो पोस्टात गेला. सुजलेलं तोंड पाहून पोस्टमास्तरांनी विचारलं, काल बाजारात तुम्हीही सापडलात का? उमाजीनं मान हलवली. साधं पाठवायचं की रजिस्टर, असं त्यांनी विचारलं. रजिस्टर, उमाजी म्हणाला. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर ठळक घाला, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यानं ते ठळक घातलं. वासूशेटची जीप पोस्टासमोरून गेली. आत बसलेल्या वासूशेटनं मान वळवून पाहिलं. उमाजीनं पाकीट खिडकीतून आत सरकवलं. पोस्टमास्तरांनी तिकिटं चिकटवली, दोन शिक्के मारले, पावती त्याच्या हातात दिली आणि पाकीट नंदिगड्ड्याकडे जाणाऱ्या टपालात टाकलं.